दिंडीपाशी राहिलेली बाई

घोडे, तलवारी, भुयारं आणि वेषांतरं असलेल्या कादंबऱ्यांना नाकं मुरडणारी माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. शाळेत नोकरीला लागल्यावर तर दरवर्षी एखादे तरी गुरुजी मला समजावून सांगायचे, की बाई, हे काही वाङ्मय नव्हे, ही नुसती करमणूक. जसं काही करमणूक म्हणजे चोरीचा माल. त्यांच्याशी मी कडाकडा भांडले आहे, एकदा तर मुख्याध्यापकांनी मध्ये पडून आम्हाला आपापल्या वर्गावर पाठवलं होतं. या लोकांनी आमचं अंगण पाहिलं असतं तर त्यांची तोंडं आपोआप बंद झाली असती. पण त्यांच्यावरचा राग वरवरचा आहे. खरा राग आहे तो एका लेखकावर, ज्याच्यावर आम्ही सगळ्या बायांनी जीव टाकला होता.

बोरीचा बाजार करणारं आमचं गाव, आणि घरची शेती. उन्हाळा सरत आला की पेरणीच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम निघायचं. खायच्या शेंगा कशाही फोडा, बियाण्याच्या मात्र हातानंच फोडाव्या लागतात. दाण्याचं लाल साल निघालं किंवा दाणा दुभंगला की तो उगवत नाही. म्हणून एकेक शेंग अंगठ्यानं दाबून, दाणा न दुखवता बाहेर काढायची. दोन दिवसांत बोटं सोलून निघायची. गावातल्या बाया आमच्या अंगणात लिंबाखाली सुपं घेऊन बसायच्या, आणि त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असायचं, कारण घरात घडाघडा वाचणारी मीच होते.

या वाचनाचे कायदे बायांनीच केले होते. वाचणारीनं शेंगा फोडायच्या नाहीत, तिच्या वाटणीचं सूप बाकीच्या फोडून देतील. वाचणारीनं एक ओळ गाळायची नाही आणि पदरचं काही घालायचं नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा असा, की माणूस संकटात असताना पुस्तक मिटायचं नाही. दिवस मावळला, जनावरं घरी आली, चुली पेटवायची वेळ झाली, तरी नायक विहिरीत लोंबकळत असेल तर त्याला वर काढल्याशिवाय एक बाई उठायची नाही. वर आला, कुठंतरी झोपडीत निजला, की मग सुपं झटकून त्या घरी जायच्या. माझा घसा बसायचा, पण त्या मला सोडायच्या नाहीत.

पुस्तकं परभणीहून यायची. माझा मोठा भाऊ तिथं कॉलेजला होता, तो आपल्या नावावर वाचनालयातून आणायचा. कादंबरी एकाच लेखकाची लागायची. दुसऱ्या कोणाची आणली की बाया दोन पानं ऐकायच्या आणि म्हणायच्या, ह्याचा घोडाच पळंना. आमच्या लेखकाचा घोडा मात्र पळायचा. नदीला पूर आलेला, मागं गनीम, पुढं अंधार, आणि ते असं काही लिहायचे की अंगणातले सगळे हात थांबायचे, नुसती शेंग धरून राहायचे. त्यांच्या एका मोठ्या कादंबरीच्या तिसऱ्या भागात नायकाला बरचीचा घाव लागला तेव्हा आमच्यातल्या एकीनं त्याच्यासाठी शनिवार धरला होता. तो बरा झाला तेव्हा तिनं मारुतीला नारळ फोडला आणि प्रसाद सगळ्यांना वाटला. कुठल्या लेखकाला असे वाचक मिळाले असतील ते मला कोणी सांगावं.

या बायांत माझी आत्या असायची, वडिलांची धाकटी बहीण. तिला चुडाव्याकडं दिली होती. लग्नानंतर काही वर्षांनी नवरा तिला माहेरी घेऊन आला, अंगणात बसून चहा प्याला आणि आठ दिवसांनी न्यायला येतो म्हणून निघून गेला. त्यानं पुढं दुसरी केली, तिला मुलंबाळं झाली, हे सगळं तिकडून येणाऱ्या पाहुण्यांकडून आम्हाला कळत राहिलं. आत्याला कोणी समोर बसवून सांगितलं नाही, तिनंही कोणाला विचारलं नाही. गावात तिला टाकलेली म्हणायचे. टाकायला ती काय उष्टं होती? हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते. टाकणाऱ्याला मात्र भाषेत वेगळा शब्द नाही. तो आपला नवऱ्याचा नवरा राहतो, आणि पुढं बाप, आणि मग गावातला जाणता माणूस.

दुसरी सांगायला हवी ती मावशी. ती बौद्धवाड्यातली, मजुरीनं शेंगा फोडायला यायची आणि अंगणाच्या कडेला बाकीच्यांपासून हातभर लांब बसायची. बसायची म्हणजे बसावं लागायचं. तिला पाणी वरून ओतायचे. मी तिला मावशी म्हणायचे ते घरात कोणाला आवडायचं नाही, आणि मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे. तिला ऐकू यावं म्हणून मी आवाज चढवून वाचायचे, तीच सवय पुढं वर्गात उपयोगी पडली.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात मराठवाड्यात जाळपोळ झाली. आमच्या गावात झाली नाही, एवढंच काय ते गावानं केलं, आणि तेवढ्यावर गाव स्वतःची पाठ थोपटत राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात शेंगांचं काम निघालं तर मावशी आली नाही. तिच्या वाड्यातलं कोणीच आलं नाही. आत्या तिसऱ्या दिवशी उठली, भर उन्हात वाड्यावर गेली आणि तिला सोबत घेऊन आली. वडील घरातून बघत राहिले. आत्यानं आपलं सूप उचललं आणि मावशीच्या शेजारी नेऊन ठेवलं.

"मागं जा," ती मला म्हणाली. "पयल्यापासून वाच. तिचं ऱ्हायलंय."

बाकीच्या कुरकुरल्या, पण मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कथा चालली असताना कोणाला मागं ठेवून पुढं जायचं नाही, असं आत्याचं सरळ गणित होतं.

आता ती मोठी कादंबरी. तिच्या पहिल्या भागाच्या शेवटी वेढा पडलेल्या किल्ल्यातून नायक बाहेर पडतो. किल्ल्याच्या मोठ्या दरवाजात एक लहान दार असतं, एक माणूस वाकून जाईल एवढं, त्याला दिंडी म्हणतात. त्याची बायको दिवटी घेऊन त्या दिंडीपाशी उभी आहे. तो तिला सांगतो, मी परत येईन, तोवर या दिंडीपासून हलू नकोस. आणि जातो. भाग तिथं संपतो. आम्ही सगळ्या रडलो होतो, अगदी हुंदके देऊन. दुसऱ्या भागात तो गोसावी होऊन नदी ओलांडतो. तिसऱ्यात त्याला घाव लागतो, एका पाळेगाराची मुलगी त्याची शुश्रूषा करते, तो तिच्याशी लग्न करतो, मोठी वरात निघते, हत्ती असतो, साखर वाटतात. शेवटच्या पानावर विजय होतो. मी पुस्तक मिटलं.

"मिटू नको," आत्या म्हणाली.

"संपलं आत्या. हे शेवटचं पान."

"संपलं कसं? ती उभीच हाय की अजून."

"कोण?"

"आगं ती. दिंडीपाशी. वाट बघायलीय ती."

हत्तीच्या वरातीत आम्ही तिला साफ विसरलो होतो, आत्या नव्हती विसरली. मी पुढचे दोन्ही भाग पुन्हा चाळले. तिचं नावसुद्धा कुठं आलं नव्हतं. लेखकानं घोड्याची चौकशी केली होती, घोड्याच्या नालाची केली होती, भुयारात सापडलेल्या कट्यारीची तीनदा केली होती. हिची नाही.

त्यानंतर आत्याचा तो ध्यासच झाला. चौथा भाग येणार अशी जाहिरात पुस्तकाच्या मागं होती. भाऊ सुट्टीला आला की ती पाण्याचा तांब्या देताना विचारायची, पुढचा आला का रे. मग एकदा भावानंच बातमी आणली, की लेखक परभणीला येणार आहेत, एका वाचनालयात त्यांचा सत्कार आहे आणि वाचकांशी गप्पा आहेत. आत्या म्हणाली, मी येते. वडील म्हणाले, बाईमाणसाचं तिथं काय काम. आत्या म्हणाली, मला त्येला एक विचारायचंय. वडिलांनी आपल्या बहिणीला इतकं ठाम बोलताना कधी ऐकलं नव्हतं, ते नाही म्हणू शकले नाहीत. कार्यक्रम नामांतराच्या बंदमुळं एकदा पुढं ढकलला, एस.टी. बंद होत्या. दुसऱ्या तारखेला आम्ही निघालो. आत्यानं निवडून काढलेल्या टपोऱ्या दाण्यांचं एक गाठोडं बरोबर घेतलं होतं, लेखकासाठी. मावशीनं त्यात आपली ओंजळ टाकली होती.

तो सत्कार आठवला की आजही माझे दात शिवशिवतात. सभागृहात पुढं खुर्च्या, तिथं पुरुष. बायकांसाठी मागं एका बाजूला सतरंजी. वाचकांच्या वतीनं भाषण करायला उभे राहिले एक पुढारी, ज्यांनी ती कादंबरी उघडूनही पाहिली नव्हती. त्यांनी नायकाचा शत्रू नायक म्हणून सांगितला आणि त्याच्या शौर्याचं तोंड भरून कौतुक केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेखकांनीही वाजवल्या. त्यांना तर माहीत होतं ना? पण गळ्यात हार, खांद्यावर शाल, आणि चेहऱ्यावर असं हसू की मला जिथं बसले होते तिथून उठून जावंसं वाटलं. वाचकांच्या वतीनं बोलायला ज्यांची बोटं सोलून निघाली होती त्या कुठं होत्या? मागं, सतरंजीवर.

मग प्रश्न. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत असं सूत्रसंचालकांनी सांगितलं. आत्याला लिहिता येत नव्हतं, मी लिहून दिली. चिठ्ठ्या वाचल्या जात होत्या. आपण लेखनाकडे कसे वळलात. आपले प्रेरणास्थान कोण. रोज किती वाजता लिहिता. आमची चिठ्ठी सूत्रसंचालकांनी वाचली, स्वतःशीच हसले आणि खाली सारली. मी ते डोळ्यांनी पाहिलं. आभाराला माणूस उभा राहिला तेव्हा आत्याही उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सायेब," ती म्हणाली, "ती दिंडीपाशी उभी होती, तुमच्या पयल्या भागात. तिचं पुढं काय झालं?"

सभागृहात माना वळल्या. भावानं खाली पाहिलं, त्याला कॉलेजचे मित्र दिसत होते. लेखकांना क्षणभर आठवेना. शेजारच्यानं कानात काहीतरी सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"हां हां, ती. अहो बाई, तिचं कथेतलं काम संपलं होतं."

लोक हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं? एका माणसानं एका बाईला उभं केलं, हलू नकोस म्हणून सांगितलं, आणि मग त्याला तिची गरज उरली नाही. हे ज्यांना गमतीचं वाटलं ते सगळे घरी जाऊन बायकोच्या हातचं जेवले असतील. लेखक माणूस वाईट नव्हता, ते मी मान्य करते. त्यांच्या लक्षात आलं असावं, की समोरची बाई हसत नाहीये. ते म्हणाले, "बरं, तुमचा एवढा आग्रह आहे तर चौथ्या भागात तिचं काहीतरी करू." आत्यानं मान हलवली. ती पुढं गेली, दाण्यांचं गाठोडं त्यांच्या पायाशी ठेवलं आणि परत येऊन बसली.

बोरीच्या एस.टी.त मी रागानं फणफणत होते. दिलंस कशाला त्यांना गाठोडं, मी म्हणाले. आत्या खिडकीबाहेर बघत होती.

"लय चांगलं लिव्हतो गं," ती म्हणाली. "करतो म्हनला ना. आपन वाट बघू."

चौथा भाग लवकर आला नाही. मी डी.एड. केलं, सेलू तालुक्यात शाळेवर लागले, लग्न झालं. गावी जायचं तर देवगाव फाट्यावर एस.टी. बदलावी लागायची. दर खेपेला आत्या दारातच विचारायची, आला का गं पुढचा भाग. मावशीही विचारायची. तिच्या घरी तेव्हा दुसऱ्याच एका गोष्टीची वाट पाहणं चालू होतं. तिचा लेक नामांतराच्या प्रत्येक मोर्चाला जायचा, एकदा डोक्याला पट्टी बांधून परत आला होता. गावातले शहाणे म्हणायचे, नावात काय ठेवलंय. ज्यांचं स्वतःचं नाव सातबाऱ्यावर, देवळाच्या पायरीवर आणि शाळेच्या खोलीवर कोरलेलं आहे, त्यांना हे म्हणायला काय जातं, असं माझ्या मनात यायचं आणि बऱ्याचदा ते मी तोंडावर बोलून दाखवायचे. माहेरवाशिणीचं तोंड फार सुटलंय, असं माझ्याबद्दल बोललं जायचं.

विद्यापीठाच्या नावाचा विस्तार झाला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात चौथा भाग निघाला. मी सेलूतच विकत घेतला, वाचनालयावर थांबले नाही. प्रस्तावनेत लेखकांनी लिहिलं होतं, की परभणी जिल्ह्यातल्या एका अनामिक भगिनीच्या आग्रहाखातर एका विस्मृत पात्राला त्यांनी न्याय दिला आहे. मला इतका आनंद झाला की देवगाव फाट्यावर एस.टी.ची वाट बघत मी तिथंच, टपरीच्या सावलीत, तो न्याय शोधायला लागले. पुस्तकाच्या मध्यावर सापडला. वाचला आणि माझं डोकं फिरलं. पुस्तक फाट्यावरच्या खड्ड्यात भिरकावून द्यावं असं वाटलं. एवढी वर्षं थांबून हे?

आत्याला आला नाही म्हणून सांगता आलं असतं. पण पिशवीत पुस्तक होतं आणि माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलंय हे तिला पहिल्यापासून वाचता यायचं. शेंगांचं काम चालूच होतं. बाया पूर्वीपेक्षा कमी होत्या, काही म्हाताऱ्या झाल्या होत्या, काहींच्या सुना आल्या होत्या. मावशी आता आत्याच्या शेजारीच बसायची, तो प्रश्न आत्यानं निकालात काढला होता. मी खुर्चीवर बसले आणि वाचायला लागले. दोन दिवस घोडे पळाले, भुयार निघालं, सुना तोंडात पदर धरून ऐकत होत्या. मला पुढचं माहीत होतं आणि माझा आवाज मला परका वाटत होता. तिसऱ्या दिवशी ते पान आलं. गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. मी वाचलं.

बारा वर्षं दिंडीपाशी वाट पाहून थकलेल्या त्या पतिव्रतेनं एका अवसेच्या रात्री बुरुजावरून स्वतःला झोकून दिलं. नायकाला छावणीत ही वार्ता कळली, त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ती धन्य होय असं तो म्हणाला, आणि त्यानं घोड्याला टाच मारली. झालं. एवढाच न्याय. पुढच्या ओळीत लढाई सुरू.

मी थांबले. एक सून डोळे पुसत होती, बिचारी, ती नवी होती. आत्यानं हातातली शेंग दाबली, दाणे अख्खे निघाले, ते तिनं सुपात टाकले.

"किती वर्सं म्हनलीस?"

"बारा."

"आन् मग उडी मारली."

"तसं लिहिलंय आत्या."

मावशीनं सूप खाली ठेवलं. "वाट बघून कुनी मरत नसतंय," ती म्हणाली. "आमी सोळा वर्सं बघितली. जी मेली ती लोकांनी मारली म्हनून मेली."

आत्याला रडू आलं असेल असं वाटून मी तिच्याकडे पाहिलं, पण ती चिडली होती. आयुष्यात मी तिला चिडलेलं त्या एकाच दिवशी पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

"जीव द्यायचा आसता तर पयल्याच वर्साला दिला आसता," ती म्हणाली. "बारा वर्सं काढलेली बाई उडी मारत नसती. ह्येला तिला परत आनायची लाज वाटली, म्हनून मारली त्यानं. तू लिव्हून कळव त्येला. म्हनावं, मी हाय."